दुधाचा दात आणि उणे १९६ अंश

पडलेल्या दुधाच्या दाताचं काय करायचं हा प्रश्न आमच्या लहानपणी प्रश्नच नव्हता. दात हातात घ्यायचा, अंगणात उभं राहायचं आणि कौलांवर भिरकावायचा. उंदीरमामाला सांगायचं, हा घे आणि तुझ्यासारखा दे. काही घरांत तो तुळशीच्या बुंध्याशी पुरत. दात गेला याचं दुःख कुणालाच नसे, कारण नवा येणार याची खात्री असे.

आता हिंजवडीला या. हिंजवडी आपल्या मुळशी तालुक्यातच येते, हे तिथल्या अनेक रहिवाशांना सातबारा काढायची वेळ आल्याशिवाय कळत नाही, ते असो. काही वर्षांपूर्वी आमच्या लेकीच्या सोसायटीत एक प्रतिनिधी आला. हॉलमध्ये पडदा लावून त्यानं चित्रं दाखवली. दात फेकू नका म्हणाला. दातात मूलपेशी असतात, म्हणजे स्टेम सेल्स. आम्ही त्या गोठवून ठेवतो, उद्या मधुमेह झाला, मणक्याला मार बसला, हृदय बिघडलं, तर मुलाच्या स्वतःच्याच पेशी कामी येतील. नातवाचा खालचा दात तेव्हा नुकताच हलायला लागला होता. लेकीनं फोन केला, "बाबा, काय करू?" आम्ही म्हणालो, "झेपत असेल तर करून टाक, हरकत काय?"

जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, विद्यार्थ्यांना प्रत्येक विधानाचा आधार विचारायला लावला, आणि घरच्या प्रश्नाला 'हरकत काय' एवढंच उत्तर दिलं. पैसे भरून झाले, दात गेला, मग आम्ही वाचायला बसलो. आज जे सांगणार आहोत ते त्या उशिरा सुचलेल्या वाचनातून आलेलं आहे. आम्ही डॉक्टर नाही, आमची डॉक्टरकी निराळी. पण या गोष्टीला इतिहास आहे, आणि इतिहास समजला की जाहिरात नीट वाचता येते.

खरं तर हे दोन वेगळे इतिहास आहेत. एक जिवंत पेशी गोठवण्याचा, दुसरा दातातल्या पेशींचा. पहिला जुना आणि भक्कम आहे. दुसरा तरुण आहे, अजून त्याचे दात येताहेत म्हणा ना.

पहिल्यापासून सुरुवात करू. पेशीत बहुतांश पाणी. पाणी गोठलं की बर्फाचे स्फटिक होतात. फार वेगानं गोठवलं तर पेशीच्या आतच बर्फ होतो आणि ती फाटते. फार सावकाश गोठवलं तर बर्फ आधी बाहेर होतो, बाहेर उरलेलं पाणी खारट होत जातं, ते पेशीतलं पाणी ओढून घेतं आणि पेशी सुकते. म्हणजे दोन्हीकडून मरण. पीटर मेझर नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९६३ पासून या दोन मरणांचं गणित मांडलं.

पण मार्ग त्याआधीच सापडला होता, आणि तोही चुकून. लंडनच्या मिल हिलमधल्या संस्थेत ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि ॲलन पार्क्स कोंबड्याचं वीर्य गोठवायचा प्रयत्न करत होते. साखरेच्या द्रावणात काही जमेना. मग शीतगृहात ठेवलेली एक जुनी बाटली काढली, साखरेचंच द्रावण समजून वापरली, आणि शुक्रजंतू जिवंत राहिले! नवं द्रावण केलं तर पुन्हा अपयश. बाटलीत उरलेलं तपासलं तेव्हा कळलं की त्यात साखर नव्हतीच, ग्लिसरीन आणि अंड्यातलं प्रथिन होतं. शीतगृहात बाटल्यांची अदलाबदल झाली होती. १९४९ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. दहा वर्षांनी त्याच संस्थेतल्या जेम्स लव्हलॉकनं डायमिथाइल सल्फॉक्साइड हा दुसरा पदार्थ पुढे आणला. हाच तो लव्हलॉक, ज्यानं पुढे सगळी पृथ्वी एका सजीवासारखी वागते असं मांडलं. आज जगभर पेशी गोठवताना हाच पदार्थ साधारण दहा टक्के घालतात, तापमान मिनिटाला एक अंश अशा चालीनं उणे ८० पर्यंत उतरवतात, आणि मग कुपी द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवतात. द्रव नायट्रोजनचं तापमान उणे १९६ अंश. त्या थंडीत पेशीच्या आतला सगळा कारभार थांबतो. वय वाढत नाही, झीज होत नाही.

हे ऐकायला दूरचं वाटतं, पण समोर बसलेल्या शेतकऱ्यांना यातलं निम्मं आधीच ठाऊक आहे. गाय माजावर आली की आपण कुणाला बोलावतो? तो मोटारसायकलला ॲल्युमिनियमचा कॅन बांधून येतो, झाकण काढलं की पांढरी वाफ येते, आणि चिमट्यानं तो एक बारीक कांडी काढतो. ती कांडी म्हणजे पोल्जच्या त्या चुकलेल्या बाटलीची नात. पुणे जिल्ह्यात हे शास्त्र रुजवलं मणिभाई देसाईंनी. १९४६ साली ते गांधीजींबरोबर उरुळी कांचनला आले, निसर्गोपचार आश्रमाचं काम हाती घेतलं आणि तिथेच राहिले. १९६७ मध्ये त्यांनी 'बाएफ' उभी केली. जर्सी आणि होल्स्टीन वळूंचं गोठवलेलं वीर्य शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत पोहोचवण्याचं मोठं काम या संस्थेनं केलं. आपल्याकडे गोठवण्याची विद्या इस्पितळात यायच्या आधी गोठ्यात आली, ही आम्हाला फार सुंदर गोष्ट वाटते. आणि इथे गोठवणं आणि वापरणं यांत अंतर नव्हतं. कांडी वितळवली, वापरली, नऊ महिन्यांनी कालवड दारात. ठेव ठेवली, ठेव मोडली, हिशोब झाला.

माणसाच्या पेशींकडे पुण्याचं लक्ष गेलं ते गणेशखिंडीत. विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र १९८०च्या दशकात सुरू झालं ते मुळात पेशी वाढवून, सांभाळून, गोठवून देशभरच्या प्रयोगशाळांना पुरवण्यासाठी. तिथे डॉ. ललिता लिमये आणि डॉ. वैजयंती काळे यांनी रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी गोठवण्यावर अनेक वर्षं काम केलं. २००१ साली त्यांनी दाखवलं की नेहमीच्या द्रावणात पेशीचं आवरण सांभाळणारे आणि प्राणवायूच्या माऱ्यापासून वाचवणारे पदार्थ घातले, तर वितळवल्यावर पेशी जास्त चांगल्या अवस्थेत मिळतात. या पदार्थांत ट्रेहॅलोज नावाची साखर आहे. कोरड्या जागी तग धरणारे कितीतरी जीव तीच साखर वापरतात. डॉ. काळे पुढे सिम्बायोसिसच्या मूलपेशी संशोधन केंद्रात आल्या. ते केंद्र कुठे? लवळ्याला, आपल्या मुळशीतच. आम्हाला हे वाचनातून कळलं. ज्या प्रश्नाचं उत्तर डोंगरापलीकडे मिळण्यासारखं होतं, तो आम्ही सोसायटीच्या हॉलमधल्या पडद्याला विचारला होता.

तर गोठवण्याची बाजू ही अशी. पंच्याहत्तर वर्षांचं शास्त्र, शंका घ्यायला फार जागा नाही. नीट गोठवलेली पेशी दीर्घकाळ टिकते. प्रतिनिधीनं सांगितलेलं हे खोटं नव्हतं.

आता दात. २००० साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत स्टॅन ग्रॉन्थोस आणि सोंगताओ शी यांच्या गटाला मोठ्या माणसांच्या अक्कलदाढेच्या गरात मूलपेशींसारख्या पेशी सापडल्या. गर म्हणजे दाताच्या पोकळीतला मऊ भाग, दंतवैद्य रूट कॅनाल करताना जो काढून टाकतात तो. पुढे शी यांच्या सहा वर्षांच्या मुलीचा दात हलायला लागला, आणि बापाला वाटलं यात पाहू या काय आहे. २००३ मध्ये निबंध आला. सात-आठ वर्षांच्या मुलांचे पडलेले पुढचे दात घेतले होते. एका दातातून किती पेशी मिळाल्या, ज्यांनी वसाहत धरली? बारा ते वीस. लाख नाही, हजार नाही. पण त्या भराभर वाढत होत्या, अक्कलदाढेतल्या पेशींपेक्षाही वेगानं.

त्याच निबंधात एक गोष्ट आहे, जी जाहिरातीत कधी येत नाही. या पेशी उंदराच्या अंगात ठेवल्या तेव्हा तिथे नवं हाड झालं. पण ते हाड या पेशींनी स्वतः केलं नव्हतं. त्यांनी उंदराच्याच पेशींना जणू बोलावून घेतलं आणि हाड करायला लावलं. गवंडी नव्हे, मुकादम. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घरात पडलेला दात चालतो का? बहुतेक वेळा नाही. दुधाचा दात पडतो कारण खालचा नवा दात त्याचं मूळ खात वर येतो. महिनाभर जिभेनं हलवत ठेवलेल्या दातात गर बहुधा सुकलेला असतो. म्हणून मूळ थोडं शिल्लक असताना दंतवैद्याकडून काढून घ्यावा लागतो, थंड द्रावणात घालून लवकर प्रयोगशाळेत न्यावा लागतो. तिथे गर काढतात, विकरांनी सुटा करतात, आठवडेच्या आठवडे पेशी वाढवतात. तोंड ही काही निर्जंतुक जागा नाही, तेव्हा जंतू वाढले तर सगळं फुकट. आमच्या नातवाचा दात पोळी खाताना पडला होता. लेकीनं तो डबीत घालून दुसऱ्या दिवशी दिला. त्यातून किती पेशी निघाल्या, निघाल्या तरी का, हे तिला कुणी सांगितलं नाही. प्रमाणपत्र मात्र आलं, सोनेरी किनारीचं.

हे दोन इतिहास एकत्र आले ते या शतकाच्या पहिल्या दशकात. जपानमध्ये हिरोशिमा विद्यापीठाशी जोडलेली दातांची बँक २००४च्या सुमाराला निघाली, पण तिचा हेतू वेगळा होता. दात वेडेवाकडे असतात म्हणून चांगला दात काढावा लागतो, तो अख्खा गोठवायचा आणि पुढे दुसरा पडला तर त्या जागी बसवायचा. दातासाठी दात, सरळ व्यवहार. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये मूलपेशींसाठी दात साठवणाऱ्या कंपन्या आल्या. मुंबईत २०१०च्या सुमाराला स्टेमेड बायोटेक ही कंपनी याच कामात उतरली, आणि पुण्यासारख्या शहरांतल्या दंतवैद्यांकडे माहितीपत्रकं दिसू लागली.

बाजाराला वाट तयार मिळाली होती ती नाळेच्या रक्तामुळे. त्याचा इतिहास एका मिनिटात सांगतो. १९८८ साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी पाच वर्षांच्या एका मुलाला नाळेतलं रक्त देऊन बरं केलं. रक्ताचा आनुवंशिक आजार होता त्याला. रक्त अमेरिकेत गोठवून विमानानं नेलं होतं. पण ते रक्त त्याचं स्वतःचं नव्हतं, नुकत्याच जन्मलेल्या बहिणीचं होतं. स्वतःचं चाललंच नसतं, कारण आजार त्याच्या प्रत्येक पेशीत होता. या घटनेवर उभा राहिलेला धंदा मात्र 'तुमच्या बाळाचं, तुमच्याच बाळासाठी' असं म्हणत आला. जिथून आधार घेतला तिथेच दावा मोडतो, हे आम्ही तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकवायचो.

मग दाताच्या पेशींचा आजवर माणसात उपयोग झालाच नाही का? झालाय, आणि तो खरोखर महत्त्वाचा आहे. जपानमध्ये मिसाको नाकाशिमा यांनी २०१७ मध्ये पाच रुग्णांवरचा छोटा प्रयोग प्रसिद्ध केला, गर खराब झालेल्या दातात त्याच रुग्णाच्या दुसऱ्या दाताच्या पेशी घालून. २०१८ मध्ये चीनमधल्या शिआनच्या डॉक्टरांचा निबंध आला. खेळताना पडून पुढचा कायमचा दात मेलेली मुलं. त्याच मुलाच्या दुधाच्या दातातून पेशी घेतल्या, वाढवल्या आणि मेलेल्या दातात घातल्या. दातात पुन्हा गर झाला, रक्तवाहिन्या आल्या, थंड-गरम कळू लागलं, मूळ लांब झालं. आम्ही ते वाचताना खुर्चीत सरळ बसलो. हे नाटक नाही, हे खरं काम आहे.

पण नीट पाहा. दातातली पेशी दातालाच उपयोगी पडली. हृदयाला नाही, मणक्याला नाही. आणि त्या मुलांच्या तोंडात दुधाचा दात अजून शिल्लक होता. तो काढला आणि वापरला. वीस वर्षं टाकीत ठेवण्याची तिथे गरज नव्हती.

आता मुकादमाकडे परत येऊ. या जातीच्या पेशींना 'मेझेन्कायमल स्टेम सेल' हे नाव १९९१ साली अर्नोल्ड कॅप्लन यांनी रूढ केलं. सगळी जाहिरात त्या 'स्टेम' शब्दावर उभी आहे, की ही पेशी हवं ते बनेल. त्याच कॅप्लननी २०१७ मध्ये लिहिलं की हे नाव आता बदला. या पेशी दुखावलेल्या जागी जाऊन नवं इंद्रिय बनत नाहीत, त्या औषधी संकेत सोडतात आणि काम शरीराच्या मूळच्या पेशी करतात. स्वतःच्या हातानं ठेवलेलं नाव मागे घ्यायला मोठं मन लागतं. आमच्या क्षेत्रात असं फारसं पाहिलं नाही. पण याचा परिणाम बघा. पेशीचं काम निरोप देण्याचं असेल, तर निरोप देणारा घरचाच हवा असं नाही. दुसऱ्या निरोगी माणसाच्या पेशीही चालण्याचा संभव वाढतो. मग प्रत्येक मुलाची वेगळी कुपी कशासाठी?

आमच्या विषयातली एक जुनी भांडाभांडी इथे आठवते. सांख्य म्हणतात, कार्य कारणात आधीच असतं. तिळात तेल असतं म्हणूनच निघतं, वाळू कितीही रगडली तरी निघत नाही. नैयायिक म्हणतात, नाही. घडा होईपर्यंत घडा नसतो, असतो तो घड्याचा प्रागभाव. माती आहे, पण कुंभार हवा, चाक हवं, भट्टी हवी, आणि मग जे होईल ते नवीनच. सोसायटीत आलेला तो तरुण पक्का सांख्य होता. त्याच्या लेखी कुपीत उद्याचं हृदय आजच बसलेलं होतं, फक्त बाहेर काढायचा अवकाश. खरी परिस्थिती नैयायिकाची आहे. कुपीत माती आहे. कुंभार अजून शिकतो आहे, भट्टी पेटलेली नाही. आणि लेकीकडून पैसे घेतले गेले ते घड्याचे.

सरकारचं म्हणणं काय, तेही सांगायला हवं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ मध्ये पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांच्या नावात 'संशोधन आणि उपचार' असं होतं. २०१३च्या आवृत्तीत 'उपचार' हा शब्द मुद्दाम गाळला. एक शब्द खोडला, पण त्यात सगळं आलं. नाळेच्या रक्ताच्या बँकांसाठी २०११च्या अखेरीस औषध नियमांत तरतूद झाली, परवाना लागू लागला. आणि २०१७च्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलं की साठवणुकीला परवानगी आहे ती फक्त नाळेच्या रक्ताला. नाळेचा तुकडा, वार, दात, मासिक पाळीचं रक्त यांच्या व्यापारी बँकांना नाही. संशोधनाला मज्जाव नाही, आणि तो नसावाच. पिंपरीच्या डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी या पेशींवर अभ्यास चालतो, तो चालायलाच हवा. पण संशोधनात पैसे संशोधक आणतो आणि दात देणाऱ्याला 'कदाचित' असं सांगतो. धंद्यात पैसे दात देणारा भरतो आणि त्याला 'नक्की' असं सांगतात.

मुळशीच्या माणसाला साठवणीबद्दल फार सांगायला नको. १९२१ साली याच खोऱ्यात सेनापती बापट आणि मावळे उभे राहिले ते साठ्याच्याच प्रश्नावर. पाणी इथे अडलं, वीज मुंबईला गेली. साठा कुणाचा, लाभ कुणाचा, हे विचारायची या तालुक्याला सवय आहे. दाताच्या बाबतीतही तेच विचारायचं. दात मुलाचा, सही आईबापांची, टाकी कंपनीची.

मघाशी व्याख्यानाआधी चहा घेताना पिरंगुटकडच्या एका दूधवाल्या शेतकऱ्यानं विषय ऐकला आणि आम्हाला विचारलं, "सर, आमच्या कॅनमधला नायट्रोजन रोज थोडा उडतो. वेळेवर भरला नाही तर कांड्या वाया. त्या पोराच्या दाताला वीस-तीस वर्षं नायट्रोजन कोण भरणार?" एवढं वाचून आम्हाला जे सुचलं नव्हतं ते त्यानं एका घोटात विचारलं. पेशी शंभर वर्षं टिकेल हो. कंपनी टिकेल का? टाकी एकदा जरी कोरडी पडली तरी कुपीकडे पाहून काही कळत नाही. कुपी तशीच दिसते, प्रमाणपत्रही तसंच.

ज्यांनी आधीच दात ठेवला आहे त्यांनी आमच्यासारखं मनाला लावून घेऊ नये, पण लेखी विचारावं. गोठवण्यापूर्वी किती पेशी मिळाल्या आणि त्यांतल्या जिवंत किती, जंतूंची तपासणी झाली का आणि तिचा अहवाल कुठे आहे, कंपनी बंद झाली किंवा विकली गेली तर कुपी कुणाच्या ताब्यात जाणार, आणि मूल अठरा वर्षांचं झाल्यावर हक्क त्याच्याकडे येतो का. आमच्या लेकीनं हेच प्रश्न लिहून पाठवले. पहिल्या पत्राला वार्षिक फी भरण्याची आठवण आली. दुसऱ्या पत्राला उत्तर नाही. फोन लागतो, पण कुणी उचलत नाही. नातवाचे त्यानंतर आणखी सहा दात पडले. त्यांतला एक त्यानं सुट्टीत आमच्याकडे आल्यावर कौलांवर फेकला, तो घरंगळून पन्हाळीत अडकला, आणि शिडी लावून काढून द्या म्हणून त्यानं दिवसभर हट्ट धरला, कारण त्याला तो पुन्हा फेकायचा होता.